लाळेची चाचणी येईल तेव्हा येईल, तोंड आजच तपासा

जळगावच्या मेहरुणमध्ये राहणाऱ्या माझ्या खालाला तीस वर्षे मिशरी लावायची सवय होती. गालाच्या आत पांढरा चट्टा आला. पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायला तिला संकोच वाटायचा. आम्हीही "तोंड आलं असेल" म्हणत मेडिकलमधून मलम आणत राहिलो. तुकडा तपासायला गेला तेव्हा मानेत गाठी आल्या होत्या. वर्षभरात खाला गेली.

म्हणूनच लाळ, लघवी किंवा रक्तातून तोंडाचा कर्करोग ओळखण्याच्या संशोधनाबद्दल वाचले की मी थांबतो. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त वापरतात आणि त्यांचा चयापचय बदलतो. त्यातून तयार होणाऱ्या बारीक रेणूंचे प्रमाण लाळेतही बदलते. जपानच्या केइओ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये २१५ जणांची लाळ तपासून असे ५७ घटक नोंदवले. आपल्याकडे खारघरला टाटा स्मारकच्या ॲक्ट्रेक केंद्रात रुग्णांच्या रक्तद्रवावर प्रकाश टाकून रामन वर्णपटाने हा फरक शोधण्याचे काम झाले आहे.

घरीच बाटलीत लाळ द्यायची सोय झाली, तर माझ्या खालासारख्या बायकांचा संकोच आड येणार नाही. पण हिरड्यांचा आजार, नुकतेच खाल्लेले जेवण, तंबाखूची सवय यांनीही लाळ बदलते. त्यामुळे ही चाचणी मोठ्या संख्येच्या लोकांवर पारखावी लागेल. त्या पारखणीत खान्देशातल्या मिशरी, गुटखा, तंबाखू-चुना खाणाऱ्यांचा, विशेषतः बायकांचा, समावेश व्हावा ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी आपल्या स्वतःकडे आहे. भारतात २०२२ मध्ये ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे मोहल्ल्यातल्या पोरालाही माहीत असते. बंदीची वाट पाहून झाली, आता चाचणीची वाट पाहत बसायचे का? केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी नुसते तोंड पाहिले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लागले काय? उजेड आणि शिकलेली नजर.

तिशीपुढच्यांची तोंड-तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. मशिदीच्या विश्वस्तांनी जुम्म्याला तिची तारीख जाहीर करावी, मदरशाची एक खोली द्यावी, आणि बायकांसाठी महिला दंतवैद्य बोलवावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल-पांढरा चट्टा, तीन बोटे मावत नाहीत इतके आखडलेले तोंड, यातले काहीही दिसले तर मलम आणू नका, सरळ रुग्णालयात जा.

आम्ही मलम आणले होते.