वय वेगळे, कारण वेगळे. ट्यूब मात्र तीच

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या औषधांच्या दुकानांत ‘चेहऱ्यावर काळे डाग पडलेत, काहीतरी द्या’ ही मागणी नवी नाही. समोर येते ती बहुधा एक छोटी ट्यूब. मागणारी चौदा वर्षांची मुलगी असो, बाळंतीण असो की साठी ओलांडलेली आजी. डाग नेमका कुठे आहे, कधीपासून आहे, आधी काय लावले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ते घ्यायला आलेल्यालाही अपेक्षित नसतात. चुकीची सुरुवात इथेच होते. त्वचेचा काळेपणा हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे आणि त्यामागची कारणे वयागणिक बदलतात. कारण न शोधता लावलेली ट्यूब पुष्कळदा मूळ डागापेक्षा महाग पडते. म्हणून डागावर औषध निवडण्याआधी वय आणि जागा पाहिली गेली पाहिजे, आणि ती न पाहता होणारी विक्री थांबली पाहिजे.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ज्या पेशी तयार करतात, त्यांची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या किती रंग बनवतात आणि तो वरच्या थरात कसा पसरतो, यावर फरक ठरतो. आपल्याकडच्या त्वचेतल्या या पेशी लवकर चिडतात. ऊन, घर्षण, पुळी, भाजणे, डास चावल्यावरचे खाजवणे, शरीरातल्या संप्रेरकांची उलथापालथ, या सगळ्यांना त्यांचे उत्तर एकच असते: आणखी रंग. त्यामुळे दिसायला सारखे दोन डाग मुळात अगदी वेगळे असू शकतात. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि त्वचा नवी होत जाते तसा काही महिन्यांत फिका पडतो. तो खालच्या थरात उतरला असेल तर राखाडी-निळसर दिसतो आणि मलमांना सहसा दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञ डागाकडे आधी भिंगातून पाहतात, ते यासाठीच.

नवजात बाळाच्या कंबरेखाली निळसर-काळा चट्टा दिसला की घरातली मोठी माणसे घाबरतात. हा जन्मजात चट्टा आपल्याकडे सर्रास आढळतो आणि बहुतेक मुलांत काही वर्षांत आपोआप विरतो. त्याला उपचार लागत नाही, डाळीचे पीठ चोळणे तर मुळीच नाही. वयात येताना उमटणारे डाग बहुतेक मुरुमांचे असतात. तिथे उपचार करायचा तो मुरुमांवर. नवे मुरुम थांबले आणि जुने नखाने फोडले नाहीत, तर उरलेले डाग काही महिन्यांत मावळतात. याच वयात मानेच्या मागे आणि काखेत जाडसर, मखमली काळा पट्टा येतो, तेव्हा मात्र थांबून विचार करायला हवा. घरोघरी त्याला मळ समजतात, मुलाला आंघोळ नीट करत नाहीस म्हणून बोलणी बसतात आणि घासणी चालते. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याची ती अनेकदा पहिली दिसणारी खूण असते. वजन वाढलेले असेल, मुलीची पाळी अनियमित असेल, घरात मधुमेह असेल, तर या मुलांना गरज रक्तातली साखर तपासण्याची, आहार बदलण्याची आणि रोज मैदानावर जाण्याची आहे. वजन उतरू लागले की मानही हळूहळू उजळते. घासण्याने ती उलट जास्त काळवंडते.

विशीपासून पंचेचाळिशीपर्यंत सर्वांत जास्त त्रास देतात ते वांगाचे डाग: दोन्ही गाल, कपाळ, वरचा ओठ यांवर साधारण सारखे पसरलेले. आनुवंशिकता, ऊन आणि संप्रेरके ही त्यांची तीन मुख्य कारणे. गरोदरपणात ते उमटतात आणि प्रसूतीनंतर अनेकींचे फिके होतात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते वाढू शकतात. पुरुषही यातून सुटत नाहीत. सावळ्या त्वचेत अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही हा रंग वाढवतो. म्हणून वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, फिक्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन जास्त उपयोगी ठरते. रिक्षाच्या रांगेत, उघड्या फलाटावर आणि स्कूटरवर रोजचा तास-दीड तास काढणाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर न जाताही पुरेसे ऊन मिळते. त्यांना छत्री आणि स्कार्फ हेदेखील औषधच आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी १९७५ मध्ये मांडले. ते गुणकारी आहे, पण काही आठवडेच आणि देखरेखीखाली. हायड्रोक्विनोनचा वापर वर्षानुवर्षे चालला तर त्वचा कायमची निळसर-काळी पडू शकते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या वांगावर उपयोगी पडतात, मात्र रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असणाऱ्यांना त्या देता येत नाहीत. गरोदरपणात तर यांतले बहुतेक पर्याय बाद होतात. म्हणजे एकाच वांगावर दोन बायकांसाठी दोन वेगळी उत्तरे असू शकतात, आणि तीही तो पुन्हा उमटेल हे गृहीत धरूनच.

चाळिशीनंतर कारणे आणखी पसरतात. कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर आलेला राखाडी काळपटपणा हेअर डायमधल्या रसायनाची ॲलर्जी असू शकतो. भुवयांमधला काळा ठिपका हलक्या प्रतीच्या कुंकवामुळे पडलेला असू शकतो. पाठीवर आणि दंडांवर बारीक रेघांसारखे काळे चट्टे आंघोळीच्या नायलॉनच्या घासणीने येतात. या तिन्हींत पहिला उपचार फुकट आहे: ती वस्तू बंद करणे. बोटांचे सांधे अचानक काळे पडले आणि थकवा, मुंग्या असतील, तर शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आधी तपासावी. चिकुनगुन्याच्या तापानंतर नाकावर येणारा काळपटपणाही डॉक्टरांना चांगला ओळखीचा आहे. साठीनंतरचे बहुतेक तपकिरी ठिपके आणि छोटे काळे मस निरुपद्रवी असतात. पण एखादा ठिपका वेगाने वाढू लागला, त्यातून रक्त आले, किंवा अंगभर, तळहातांच्या रेषांत आणि हिरड्यांवर काळेपणा येऊन वजन घटू लागले, तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. शेवटच्या लक्षणांचा आजार थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी झाल्याने तो होतो आणि आपल्याकडे त्यामागे क्षयरोगही असू शकतो. अशा रुग्णाच्या हातात डागांची ट्यूब देणे म्हणजे निदानाचा मौल्यवान काळ घालवणे.

आता त्या ट्यूबकडे पाहू. देशातल्या १२ केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या सुमारे ५९ टक्क्यांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवले होते आणि २९ टक्के जण ते गोरेपणाचे किंवा रोजचे क्रीम म्हणून वापरत होते. दुसरा धोका पाऱ्याचा. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली आणि कारण शोधता शोधता केईएम रुग्णालयातील डॉक्टर स्थानिक पातळीवर तयार झालेल्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोहोचले, ही बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या १५ जणांत दुर्मीळ उपप्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ट्यूबने फरक पडतो, तर लोकांनी ती का लावू नये? फरक पडतो हे खरेच आहे. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवते, दाह दाबते, आठवडाभरात चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लालसर रेषा दिसू लागतात, पुरळ येते, केस वाढतात आणि लावणे थांबवले की चेहरा पेटतो. तो शांत करायला पुन्हा तीच ट्यूब लागते. घरगुती उपाय हा दुसरा मार्ग सुचवला जातो, पण लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून नवे काळे चट्टे उमटतात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्या माणसाने त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी जायचे आणि त्याची फी कशी द्यायची? डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही सार्वजनिक पैशातून उभी आहेत. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी त्वचाविकारांची ओपीडी ठेवली, तर हा आक्षेप बऱ्याच अंशी उरणार नाही. जोडीला विक्रीवर लगाम हवा. मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी प्रसाधनांत पारा मिसळण्यास मनाई केली. कायदा आहे, अंमल सैल आहे. अन्न व औषध प्रशासनाचे कोकण विभागाचे कार्यालय ठाण्यातच आहे. ‘मी नाही दिली तर शेजारचा देईल’ ही दुकानदाराची तक्रार खोटी नाही. म्हणूनच नियम एकाला नव्हे, रांगेतल्या सगळ्यांना सारखा लागू झाला पाहिजे. पार्लरमध्ये विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या डब्यांचे नमुने घेणेही त्यातच आले.

तिसरा आक्षेप वैचारिक आहे: डाग घालवण्याची चर्चा म्हणजेच गोरेपणाच्या हव्यासाला खतपाणी नाही का? सावळा रंग आणि डाग यांची गल्लत केली, तर नक्कीच आहे. १९७५ मध्ये भारतात आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमचे नाव २०२० मध्ये बदलले, पण लग्नाच्या जाहिरातींतली रंगाची अट काही नावाबरोबर गेली नाही. जन्मजात रंगाला उपचार नको आणि तो बदलणारे सुरक्षित क्रीमही नाही, हे डॉक्टरांनी आणि दुकानदारांनी स्पष्ट सांगायला हवे. मात्र वांगामुळे एखादीला बाहेर पडायचीही लाज वाटते; तिला ‘रंगाचा विचार सोड’ असा उपदेश करणे म्हणजे तिचा आजार तिच्यावरच ढकलणे. तिला उपचार हवा, आणि तो तिच्या वयाला आणि कारणाला धरून हवा.

म्हणून सुरुवात शाळेपासून व्हावी. महापालिका शाळांतल्या आरोग्य तपासणीत उंची-वजनाबरोबर मुलांची मान पाहिली, तर त्याला ना यंत्र लागते ना औषध. तिथला काळा पट्टा दिसल्यावर पालकांना रक्तातली साखर तपासायला सांगणारी चिठ्ठी गेली, तर एका पिढीतल्या अनेकांचा मधुमेह पुढे ढकलता येईल. पन्नास रुपयांची ट्यूब मात्र तो पट्टा थोडा फिका करून आजार तसाच वाढू देईल. महापालिकांनी यांतले काय निवडायचे, हा आता केवळ त्वचेचा प्रश्न नाही.