विश्लेषण : बाळाला शेंगदाणा कधी द्यावा? ॲलर्जीबाबतचा वैद्यकीय सल्ला का बदलला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन बातम्या आल्या. रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाला वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. त्याच महिन्यात अमेरिकेतील लहान मुलांमध्ये शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण घटल्याचा अभ्यास ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या दोन्ही बातम्यांचा बाळाच्या पहिल्या वर्षाशी जवळचा संबंध आहे.

ॲलर्जी कशी होते?

शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून त्याविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडे तयार करते. ती त्वचा, आतडे, श्वसनमार्गातील मास्ट पेशींवर चिकटून बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला की या पेशी हिस्टामाइन सोडतात. मग अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, श्वास अडकतो. २०२० मध्ये ‘सायन्स’मधील संशोधनात उंदरांमध्ये आईची आयजीई प्रतिपिंडे वारेतून पिल्लाच्या मास्ट पेशींपर्यंत पोहोचल्याचे दिसले. त्यामुळे पिल्लांना पहिल्याच संपर्कात ॲलर्जी झाली. मात्र वय वाढले तशी ती ओसरत गेली.

नोबेलविजेत्या पेशींचे काम काय?

जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते. या निरीक्षणाचा माग काढत जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी पेशी ओळखल्या. मेरी ब्रंकॉव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्याशी निगडित ‘फॉक्सपी३’ जनुक शोधले. हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच तीव्र इसब, जुलाब, मधुमेह होतो आणि आयजीईचे प्रमाण वाढते. थोडक्यात, काय सहन करायचे हे शिकवणाऱ्या या पेशी आहेत.

जुना सल्ला काय होता?

ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये सांगितले. पुरेसा पुरावा नसल्याने २००८ मध्ये हा सल्ला मागे घेतला गेला. त्याच वर्षी, ब्रिटनमधील ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधील मुलांच्या दहापट असल्याचे आढळले. इस्रायलमध्ये बाळे शेंगदाण्याचा खाऊ लवकर खाऊ लागतात.

चित्र कशामुळे पालटले?

लंडनमधील गिडियन लॅक यांच्या ‘लीप’ चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे होती. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत ॲलर्जीची खूण नसलेल्या बाळांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती. खाणाऱ्यांत हे प्रमाण केवळ १.९ टक्के होते. २०१५ च्या या निष्कर्षानंतर २०१७ मध्ये अमेरिकेने नियमावली बदलली. आता तीन वर्षांखालील मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे निदान ४० टक्क्यांहून अधिक घटल्याचे नव्या अभ्यासात म्हटले आहे.

त्वचेचा संबंध कसा?

पदार्थ आतड्यातून आला तर शरीर तो सहन करायला शिकते. इसबामुळे फुटलेल्या त्वचेतून आला तर बिथरते, अशी लॅक यांची मांडणी आहे. पुरळावर शेंगदाणा तेलयुक्त मलम लावलेल्या मुलांत ही ॲलर्जी अधिक दिसल्याचे २००३ च्या ब्रिटिश अभ्यासात नोंदले गेले.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे. उष्टावणानंतर मऊ खिमटात किंवा पेजेत दाण्याचे अगदी बारीक कूट थोडे मिसळता येते. अख्खा दाणा मात्र लहान मुलांना कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. ओठ सुजले, गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.