भावनांचे शासन आणि समीक्षेची साक्ष

१

धर्म आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांची चर्चा मराठीत बहुधा राज्यशास्त्राच्या दालनात होते. साहित्यसमीक्षेचा तिच्याशी संबंध येतो तो एखाद्या पुस्तकावर बंदीची मागणी झाल्यावरच. तेव्हा समीक्षक निषेधाच्या पत्रकावर स्वाक्षरी करतो, लेखकाचा हेतू शुद्ध असल्याची ग्वाही देतो, कलाकृतीच्या स्वायत्ततेचे स्मरण करून देतो आणि वादळ ओसरले की आपल्या संहितांकडे परततो. हा शिरस्ता वरकरणी उदारमतवादी वाटतो. परंतु धर्माला शासनव्यवहारात जे स्थान मिळालेले आहे, त्याचा फार मोठा भाग अर्थनिर्णयनाच्या वाटेने मिळालेला आहे, ही गोष्ट या शिरस्त्यात नजरेआड होते. कोणत्या मजकुराचा कोणता अर्थ ग्राह्य धरावा, कोणाचे वाचन अधिकृत मानावे आणि कोणाच्या दुखावण्याची दखल घ्यावी, हे ठरवण्याचा अधिकार राज्यसंस्थेने स्वतःकडे घेतलेला आहे. या अधिकाराला प्रतिष्ठा मिळवून देण्यात समीक्षेच्या रूढ बचावाचाही वाटा आहे आणि तो मान्य केल्यावाचून व्यक्तिस्वातंत्र्याविषयीची समीक्षेची कळकळ खरी ठरणार नाही.

२

धार्मिक भावना दुखावण्यासंबंधीचे दंडसंहितेतील कलम २९५-अ हे १९२७ सालचे अपत्य आहे. लाहोरचे प्रकाशक राजपाल यांनी १९२४ साली छापलेल्या एका पुस्तिकेवरून खटला झाला. लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी १९२७ मध्ये, प्रचलित कायद्यात हे कृत्य बसत नाही म्हणून, त्यांना दोषमुक्त केले. त्यावर उसळलेल्या क्षोभाला वसाहतवादी सरकारने दिलेले उत्तर म्हणजे हे कलम. राजपाल यांचा १९२९ मध्ये खून झालाच. विधेयकाच्या चर्चेत बॅरिस्टर जिना यांनी धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण हवे, असे बजावले होते. पुढे जिनांच्या पाकिस्तानात त्याच संहितेला १९८२ मध्ये २९५-ब आणि १९८६ मध्ये २९५-क ही कलमे जोडली गेली. २९५-क ने देहान्ताची शिक्षा आणली. या कायद्यावर टीका करणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने ठार केले.

भारतात हे टोक गाठले गेले नाही, हे खरे. त्याचे श्रेय संविधानाला आणि पुष्कळ अंशी न्यायालयांना दिले पाहिजे. मात्र मुळाशी असलेले तत्त्व येथेही अबाधित राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवले. धर्माचा कोणताही अवमान हा गुन्हा नव्हे, तर बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला अवमान तेवढाच गुन्हा, अशी मर्यादा न्यायालयाने दाखवून दिली. वसाहतवादाचा वारसा टाकून देण्याची घोषणा करीत भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्यात हा वारसा मात्र २९९ हा नवा क्रमांक घेऊन जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे.

३

या कलमाचा कणा म्हणजे हेतू, आणि येथेच समीक्षेची पंचाईत होते. लेखकाच्या हेतूवरून कृतीचा अर्थ ठरवणे हा तर्कदोष होय, असे विम्झट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ साली मांडले. १९६७ मध्ये बार्थने लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. मराठी समीक्षेने या दोन्ही भूमिका आपल्याशा केल्या आणि अभ्यासक्रमांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवल्या. परंतु पुस्तकावर संकट आले की हीच समीक्षा मृत घोषित केलेल्या लेखकाला उठवून बसवते आणि त्याच्या अंतःकरणाच्या निर्मळपणाची साक्ष देऊ लागते. वर्गात ज्याला तर्कदोष म्हणायचे, तोच सार्वजनिक जीवनात एकमेव आधार मानायचा, ही विसंगती केवळ सैद्धांतिक नाही. लेखकाचा हेतू शुद्ध होता म्हणून तो निर्दोष, असे म्हणणारा समीक्षक त्याच श्वासात हेही मान्य करतो की हेतू निराळा असता, लेखकाला खरोखरच एखाद्या श्रद्धेचा उपहास करायचा असता, तर शासनाने त्याला शिक्षा करणे योग्य ठरले असते. उपहास हा काही वाङ्मयबाह्य व्यवहार नव्हे. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांची जी उलटतपासणी आहे तिच्यामागे अनवधान नव्हते, ती पूर्णपणे बुद्धिपुरस्सर होती. शुद्ध हेतूच्या बचावात फुले बसत नाहीत, आणि ज्या बचावात फुले बसत नाहीत तो मराठी समीक्षेने आपला म्हणावा काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

दुसरा बचाव कलात्मकतेचा. त्याची सवय अश्लीलतेच्या खटल्यांतून लागली. मर्ढेकरांच्या कवितेवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील काकोडकरांच्या ‘श्यामा’ला १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषमुक्त केले. त्याच वर्षी अश्लीलतेच्या कलमात साहित्य, कला, विज्ञान आणि ज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांचा अपवाद घालण्यात आला. मंदिरांवरील शिल्पांसाठी आणि धार्मिक प्रयोजनाच्या प्रतिमांसाठी असा अपवाद १८६० च्या मूळ संहितेतच होता. देवळाच्या भिंतीला जी मुभा आरंभापासून होती ती कवितेला मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. धार्मिक भावनांच्या कलमात मात्र साहित्याचा अपवाद तेव्हाही नव्हता आणि आजच्या २९९ मध्येही नाही. तेव्हा ‘ही उत्तम कलाकृती आहे’ हे विधान सौंदर्यशास्त्रीयदृष्ट्या कितीही सार्थ असले, तरी ज्या कायद्यासमोर ते केले जाते त्याच्या लेखी त्याला स्वतंत्र स्थान नाही. शिवाय कलात्मकतेच्या बळावर सुटका मागणे म्हणजे जे कलात्मक नाही त्याला वाऱ्यावर सोडणे. पत्रक, वादग्रंथ, तमाशातील बतावणी, गावच्या पारावर नास्तिकाने काढलेले उद्गार यांनाही स्वातंत्र्याची तितकीच गरज असते, किंबहुना अधिक असते. कारण त्यांच्या पाठीशी विद्यापीठ उभे राहत नाही.

४

हे कलम व्यक्तीच्या भावनेला संरक्षण देत नाही; ते नागरिकांच्या एखाद्या ‘वर्गा’च्या धार्मिक भावनांना संरक्षण देते. वर्गाला मन नसते, त्याला प्रवक्ते असतात. जो सर्वांत मोठ्याने दुखावतो तो प्रवक्ता ठरतो आणि त्याच वर्गातील ज्या स्त्रीने वा पुरुषाने तेच पुस्तक शांतपणे, कदाचित भक्तीनेही, वाचलेले असते त्याचे वाचन नोंदवलेच जात नाही. वाचकप्रतिसादाच्या सिद्धांताने अर्थनिर्मितीचा मान वाचकाला दिला. राज्यसंस्थेने त्या असंख्य वाचकांतून एक वाचक निवडून त्याला अधिकृत केले. समूहाच्या जाणिवेला साहित्याचे अधिष्ठान मानणाऱ्या देशीवादी समीक्षेला येथे विशेष उत्तर द्यावे लागेल. समूह एकजिनसी नसतो, त्याच्या पोटात सत्तेची उतरंड असते, हे गृहीत न धरता समूहाच्या नावाने बोलणारी समीक्षा प्रवक्त्यांच्या हाती आयते साधन देते.

समूह आणि व्यक्ती यांतील हा पेच केवळ ग्रंथांपुरता नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीला प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने तो रद्द केला. धार्मिक कारणास्तव सभासदाला बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग होय, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी त्याला भिन्न मत नोंदवले. हा निवाडा २०२३ मध्ये फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. बहिष्कृत माणसाचे स्मशान, सोयरीक आणि शेजार हिरावून घेण्याची सत्ता संप्रदायाकडे आणि वाचकाचे पुस्तक हिरावून घेण्याची सत्ता भावनेच्या प्रवक्त्याकडे, ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. धर्माचे अधिकारक्षेत्र जन्मापासून मृत्यूपर्यंत सर्व जीवन व्यापण्याइतके विस्तीर्ण का असावे, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उपस्थित केला होता. तो व्यक्तिगत कायद्यांच्या संदर्भात असला, तरी त्याची व्याप्ती तेवढीच नाही.

त्याच आंबेडकरांच्या ग्रंथाचे काय झाले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या प्रकरणावरून आंदोलने झाली, प्रतिआंदोलने झाली. अखेर प्रकरण राहिले, पण या प्रकरणातील मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप त्यास जोडण्यात आली. त्या वेळी ही तडजोड समंजस मानली गेली. परंतु या एका तळटिपेत धर्म आणि शासन यांचे सारे नाते सामावलेले आहे. रामाच्या चरित्राविषयी शासनाला मत असते, ते मत लेखकाच्या मताशी ताडून पाहता येते आणि न जुळल्यास तसे छापावे लागते, इतकी गृहीतके त्यात आहेत. लौकिक राज्यसंस्थेने सहमत असणे जितके अस्थानी, तितकेच असहमत असणेही अस्थानी. शासनाने तेथे समीक्षकाची भूमिका घेतली आणि समीक्षकांनी तिला आक्षेप घेतला नाही; वाद राहिला तो प्रकरण ठेवावे की गाळावे एवढ्यापुरताच.

५

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला सार्वजनिक शांततेचा. भावना पेटल्या की दंगल होते आणि दंगलीत मरतो तो गरीब, हे नाकारता येणार नाही. तथापि दंगल घडवणाऱ्याला आवरणे आणि दंगलीची धमकी दिली म्हणून पुस्तक आवरणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या मार्गाने हिंसेला किंमत येते, आणि किंमत आली की तिचा पुरवठा वाढतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनिर्बंध अभिव्यक्ती ही उच्चवर्णीयांची चैन आहे, दुर्बलांना अवमानापासून संरक्षण हवेच, असे तो सांगतो. त्यातील सत्यांश मान्य करूनच भेद करावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ साली झालेला अत्याचार प्रतिबंधक कायदा जिवंत माणसाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करतो. माणसाला जातीवरून किंवा धर्मावरून हीन लेखून त्याच्याविरुद्ध हिंसेला चिथावणे हा गुन्हा असलाच पाहिजे. देवता, ग्रंथ आणि संतचरित्रे यांना मात्र अशा संरक्षणाची आवश्यकता नसते. त्यांच्या नावाने संरक्षण मागितले जाते तेव्हा संरक्षण मिळते ते त्यांच्या मालकांना. दुर्बलांचा इतिहास तर या मालकीविरुद्धच्या बोलण्याचाच इतिहास आहे.

आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्यसंमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष असलेल्या यादवांना तरुण तुकारामाच्या चित्रणावरून माफी मागावी लागली, कादंबरी मागे घ्यावी लागली, अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. ‘भावना दुखावल्या’ हे कायद्याने रुळवलेले दोन शब्द त्यासाठी पुरेसे ठरले. न्यायालयीन निवाड्याची वाट पाहण्याची गरजच पडली नाही. त्या काळातील चर्चेचा मोठा भाग कादंबरी कलादृष्ट्या किती उणी आहे आणि लेखकाने किती संशोधन केले होते यावर खर्च झाला. समीक्षेने गुणवत्तेचा निवाडा देऊन टाकला. त्या निवाड्याची मागणी कोणी आणि कोणत्या अधिकाराने केली, हे विचारायचे राहिले. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली, ही आठवण वारकरी परंपरेनेच पिढ्यान्‌पिढ्या जपली. धर्माच्या अधिकृत अर्थकर्त्याने एका कुणब्याला बोलण्याचा अधिकार नाकारला, हा त्या कथेचा मथितार्थ. ती कथा सांगणाऱ्या समाजात तुकारामावरील कादंबरी लेखकाला स्वतःच्या हाताने परत घ्यावी लागते, तेव्हा परंपरेचा पराभव आधी होतो, लेखकाचा नंतर.

समीक्षेने यापुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरावे, एवढाच या विवेचनाचा निष्कर्ष आहे. लेखकाच्या चारित्र्याचे दाखले देणे तिचे काम नव्हे आणि कलात्मकतेच्या प्रमाणपत्रावर स्वातंत्र्य मिळवून देणे हेही नव्हे. एखाद्या कृतीचा अर्थ काय, हा प्रश्न समीक्षकांनी आणि वाचकांनी जन्मभर भांडावा असा आहे. त्या भांडणात श्रद्धावंताचेही स्थान आहे आणि त्याने दुखावल्याचे सांगणे, रागावून लिहिणे, पुस्तक बाजूला ठेवणे हा त्याचा हक्क आहे. शासनाचे स्थान मात्र त्या भांडणात नाही. वाईट कादंबरी, बोचरे पत्रक आणि हेतुपुरस्सर केलेला उपहास यांच्या बाजूने हे सांगण्याची वेळ येते तेव्हाच समीक्षेची कसोटी लागते. ती कसोटी मराठी समीक्षेने अद्याप दिलेली नाही.