ओझे आणि वजन

स्त्रीने काय उचलावे आणि किती उचलावे, याविषयी आपल्या समाजाची फारशी तक्रार कधी नव्हती. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी, रानातून आणलेली सरपणाची मोळी, बांधकामावरची विटांची पाटी, कडेवरचे मूल, हे सारे तिने उचललेले आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. पाहिले म्हणण्यापेक्षा गृहीत धरले. या श्रमाने तिची मान, तिची पाठ, तिचे दंड कसे घडले वा कसे मोडले, याची विचारपूस कुणी केल्याचे ऐकिवात नाही. तीच स्त्री व्यायामशाळेत जाते, लोखंडी दांडीला दोन्ही बाजूंनी चकत्या लावते, ती दांडी खांद्यावर घेऊन बैठका मारू लागते आणि एकाएकी सर्वांना तिच्या शरीराविषयी मत सुचते. ‘पुरुषासारखी दिसशील’ असे घरचे म्हणतात. ‘खांदे फार रुंद झाले हो’ असे शेजारी म्हणतात. आणि आरशापाशी उभा असलेला अनोळखी पुरुष सांगतो, ‘आता पुरे, आहे तेच छान दिसते आहे.’

यांतील शेवटचे वाक्य प्रशंसेचे आहे असे वरवर वाटेल. तरीही ते पहिल्या दोहोंच्याच जातीचे आहे. निंदा असो वा स्तुती, बोलणाऱ्याने परीक्षकाचे आसन स्वतःच पटकावलेले असते आणि ते त्याला कुणी दिले हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपला आक्षेप स्त्रीने जड उचलण्याला नाही. तिने स्वतःसाठी उचलण्याला आहे. दुसऱ्यासाठी उचलले की ते ओझे होते आणि ओझ्यावर कुणी टीकाटिप्पणी करीत नाही. स्वतःसाठी उचलले की ते वजन होते आणि त्याचा हिशेब सर्वांना हवा असतो.

याचा एक ढळढळीत पुरावा मणिपूरमधून येतो. नोंगपोक काकचिंग या गावची सायखोम मीराबाई चानू लहानपणी घरासाठी सरपण आणीत असे. थोरल्या भावाला न उचलणारी मोळी ती सहज उचलून घरी नेई. या मोळीने मुलीचा बांधा बिघडेल अशी चिंता तेव्हा कुणी केल्याचे नोंदलेले नाही. पुढे 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धेत 49 किलो वजनगटात तिने स्नॅचमध्ये 87 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 115, असे एकूण 202 किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. बळ तेच, हात तेच. मोळी आणि दांडी यांच्यात फरक एवढाच की मोळीखाली चूल पेटत होती.

या फरकाला इतिहासही आहे. आधुनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे भारोत्तोलन 1896 च्या अथेन्स स्पर्धेतच होते; स्त्रियांना त्या मंचावर येण्यासाठी 2000 सालच्या सिडनी स्पर्धेची वाट पाहावी लागली. एकशे चार वर्षे. त्याच स्पर्धेत कर्णम मल्लेश्वरी हिने 240 किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले आणि ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. मंचाचे दार उघडताच पहिल्याच वर्षी आत जाणारी स्त्री आपल्याकडे होती, म्हणजे उणीव बळाची नव्हती. दार बंद होते, इतकेच.

त्याही आधीचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. हमीदा बानू ही अलीगढची मल्ल. 1954 च्या मे महिन्यात बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. त्या काळच्या वृत्तपत्रांनी तिच्याविषयी जे छापले ते पाहण्याजोगे आहे: उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो, रोजच्या आहारात दूध किती, अंडी किती, मटण किती, बिर्याणीच्या थाळ्या किती. कुस्ती मात्र क्वचितच वर्णिलेली. कोणता डाव टाकला, पकड कशी होती, तोल कोणत्या क्षणी गेला हे आखाड्याचे प्रश्न कुणाला पडलेच नाहीत. पडला तो बाजाराचा प्रश्न. आणि मल्लविद्येचे माहेर म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो त्या कोल्हापुरात तिने एका मल्लाला हरविले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि दगडही फेकले. स्त्रीच्या शरीरावर फेकलेला शेरा आणि फेकलेला दगड यांत अंतर असते खरे. पण भिरकावणारा हात पुष्कळदा एकच असतो.

येथे कुणी समजूतदार वाचक म्हणेल की हे सारे अज्ञानातून घडते. लोकांना शरीरशास्त्र समजावून सांगावे: स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने फारच कमी असते, म्हणून वजने उचलल्याने तिचे शरीर पुरुषासारखे होत नाही, उलट हाडे बळकट होतात, उतारवयात तोल राहतो. हे सारे खरे आहे. परंतु वाद जिंकण्यासाठी हा युक्तिवाद पुढे करणे म्हणजे अर्धी हार आधीच पत्करणे होय. ‘घाबरू नका, ती पुरुषी दिसणार नाही’ असे आश्वासन देताना आपण हे मान्य करून बसतो की ती तशी दिसली असती तर शेरा मारण्याचा अधिकार रास्त ठरला असता. एखादीचे दंड खरोखरच पिळदार झाले, खांदे रुंद झाले, आणि ते तिला आवडले, तर? या प्रश्नापाशी आपले उदारमतवादी बचावपक्षाचे वकील खाली पाहू लागतात.

दुसरी समजूतदार सूचना स्त्रियांनाच केली जाते. कुणी बोलले तर हसून सोडून द्यावे, कानांत गाणी लावून ठेवावीत, सैल कपडे घालावेत, गर्दी नसेल अशी वेळ निवडावी, किंवा चटपटीत उत्तर तयार ठेवावे. या उपदेशात वाईट हेतू नसतो. पण त्याचा अर्थ असा की वजन उचलायचे तिनेच, शेरा झेलायचा तिनेच आणि तो झेलण्याची कसरतही तिनेच शिकायची. बोलणाऱ्याला मात्र कोणताच व्यायाम नाही. हजरजबाबी स्त्रीचे आपण कौतुक करतो, तेव्हा जिला उत्तर सुचले नाही तिच्यावर आपण आणखी एक उणीव लादत असतो.

आता थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. माझे वय चौसष्ट. दोन वर्षांपूर्वी हाडे ठिसूळ होऊ लागल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी वजने उचलण्याचा व्यायाम सांगितला. ही बातमी एका चर्चासत्राच्या चहाच्या वेळी फुटली, तेव्हा एक विद्वान मित्र म्हणाले, ‘बाई, लेखणीने इतक्यांना लोळवले ते पुरेसे नव्हते का, की आता दंडही कमावताय?’ सर्व हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. त्यांच्या विनोदापेक्षा अधिक.

अधिक अशासाठी की त्या शेऱ्याची भाषा मी चाळीस वर्षे वापरीत आले होते. कादंबऱ्यांवर लिहिताना ‘नाजूक’, ‘सुकुमार’, ‘शेलाटी’ ही विशेषणे मी गुणांसारखी वापरली. कष्टकरी नायिकेचे हात बळकट असले की ‘राकट’ लिहून मोकळी झाले आणि पुढे ‘तरीही हळवी’ असे जोडून तिला जणू क्षमा केली. तो ‘तरीही’ हा सबंध प्रश्नाचा गाभा आहे. व्यायामशाळेतला शेरा आकाशातून पडत नाही. तो आपल्या वर्णनाच्या सवयीतून येतो, आणि ती सवय आम्ही समीक्षकांनी जोपासलेली आहे.

परंपरेने दुसरी वाट दाखविली नव्हती असे नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त मुलगी तपाला निघते तेव्हा आई तिच्या कोवळ्या शरीराचाच दाखला देऊन तिला अडवते, ‘उमा’ हे नावच आईच्या ‘अगं, नको’ या निषेधातून आले असे कवी सांगतो. मुलगी ऐकत नाही. आणि कवी तिच्या देहात मृदुता व कणखरपणा एकत्र नांदताना पाहतो. एकाबद्दल दुसऱ्याची माफी मागत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत तर दळणारी स्त्री आपल्या मनगटातल्या बळाचे श्रेय आईच्या दुधाला देते. स्वतःच्या दंडाविषयी स्त्रीने अभिमानाने बोलण्याची भाषा मराठीत होती. जाते गेले हे बरेच झाले, कारण ते ओझेच होते. पण ती भाषाही त्याच्याबरोबर अडगळीत टाकण्याचे कारण नव्हते.

म्हणून माझे सांगणे वजन उचलणाऱ्या स्त्रियांना नाहीच. त्यांनी उत्तर द्यावे की गप्प राहावे हे त्यांचे त्या पाहतील. गप्प राहणे हा त्यांचा पराभव नव्हे, आणि श्वास मोजणाऱ्या माणसाने बोललेच पाहिजे असा नियमही नाही. माझे सांगणे लिहिणाऱ्यांना आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना आहे. पुढच्या वेळी एखाद्या बळकट स्त्रीविषयी वाक्य लिहाल, तेव्हा त्यातील विशेषणे खोडून पाहा. ‘तिने 115 किलो वजन उचलले.’ कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. वाक्य पूर्ण आहे. ते अपुरे वाटत असेल आणि त्यात ‘तरीही’ घालण्याचा मोह होत असेल, तर दोष वाक्याचा नाही. त्या मोहाला आवरणे हा आपला व्यायाम आहे, आणि तो आपल्यासाठी दुसरे कुणी करणार नाही.