शेराचा पंचनामा करू नका

मिर्झा गालिबवर बोलायला उभे राहिलेले आपल्याकडचे वक्ते बहुतेक एकाच वाटेने जातात. लहानपणी वडील गेले, मग चुलते गेले. सात मुले झाली, एकही जगले नाही. कर्ज, दारू, जुगार, तुरुंग आणि शेवटी सत्तावन्नची उद्ध्वस्त दिल्ली. प्रत्येक दुःखाला एकेक शेर जोडायचा, सभागृहाकडून 'वाहवा' घ्यायची आणि समारोपाला म्हणायचे, 'इतके भोगले म्हणूनच इतके लिहिता आले.' ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण हा हिशोब तारखांशी जुळत नाही, हे सांगायला कुणी उठत नाही.

गालिब यांचा जन्म १७९७ चा. भोपाळला सापडलेले त्यांच्या उर्दू गझलांचे हस्तलिखित १८२१ चे आहे. 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने ते १९२१ मध्ये छापले गेले. म्हणजे ते तयार झाले तेव्हा शायर चोविशीत होते. कलकत्त्याची वणवण अजून व्हायची होती, तुरुंग सव्वीस वर्षे लांब होता आणि सत्तावन्न छत्तीस वर्षे. त्यांच्या दिवानाच्या पहिल्याच पानावरची सुप्रसिद्ध गझल याच तरुण वयातली आहे. दिवान पहिल्यांदा छापला गेला १८४१ मध्ये. तेव्हा एखादा शेर दिल्लीच्या विध्वंसाला चिकटवण्याआधी तो कधीचा आहे एवढे तरी पाहायला नको का?

आयुष्याचा कवितेशी संबंधच नसतो, असे माझे म्हणणे नाही. संबंध असतो, पण तो इतका सरळ नसतो. गालिब यांचे चुलते नसरुल्ला बेग मराठ्यांच्या नोकरीत आग्र्याचे अधिकारी होते. १८०३ मध्ये आग्रा लॉर्ड लेकच्या ताब्यात गेले आणि ते इंग्रजांच्या चाकरीत शिरले. १८०६ मध्ये ते वारले. त्यांच्या मागे जे पेन्शन ठरले त्यातले वर्षाला साडेसातशे, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट रुपये गालिब यांच्या वाट्याला आले. आपला हक्क याहून मोठा आहे, हे सांगत ते १८२८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. दावा अखेर फेटाळला गेला. आयुष्यभर पुरलेले हे दुखणे त्यांच्या अर्जांत आहे, पत्रांत आहे. पण गझलेत साडेबासष्ट रुपये शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आता पुढच्या तीन आघातांचे काय झाले ते पाहा. १८४७ मध्ये जुगाराच्या आरोपावरून तुरुंगवास झाला. त्यावर त्यांनी लिहिले ते फारसीत, दीर्घ कविता. १८५२ मध्ये पत्नीचा भाचा आरिफ ऐन तारुण्यात गेला. त्याला त्यांनी मुलासारखे मानले होते. त्या शोकासाठी त्यांनी उर्दू आणि गझलेचा घाट निवडला. रदीफ, काफिया सगळे सांभाळून. आणि सत्तावन्न? ते मुख्यतः गद्यात गेले, फारसी 'दस्तंबू'त आणि मित्रांना लिहिलेल्या उर्दू पत्रांत. माणूस एकच, आयुष्य एकच. पण कुठले दुःख कुठल्या भाषेत आणि कुठल्या घाटात न्यायचे, हे दुःखाने ठरवले नाही, शायराने ठरवले.

'दस्तंबू' तरी आँखो देखा हाल म्हणून डोळे मिटून वाचता येते का? त्यात गालिब लिहितात की भाऊ मिर्झा युसुफ तापाने गेला. त्याच काळातल्या दुसऱ्या नोंदीत तो इंग्रज शिपायांच्या गोळीने मेल्याचे म्हटले आहे. पुस्तक इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती जाणार होते आणि बंद पडलेले पेन्शन सुरू व्हायचे होते. गद्यातल्या रोजनाम्यात अनुभवावर एवढी हुकमत चालत असेल, तर शेराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्यात काय अर्थ आहे? रियाझ खैराबादींची ख्याती मद्यावरच्या शायरीसाठी. त्यांनी स्वतः कधी दारू चाखली नाही असेच सांगतात. मग त्यांचे शेर खोटे म्हणायचे काय?

यावर ठरलेले उत्तर येते : आपल्या मराठी कवितेला अनुभवाच्या अस्सलपणानेच नवे रक्त दिले, दलित कविता विसरलात का? मुळीच विसरलो नाही. ज्यांचे जगणे साहित्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले, त्यांना 'हे आम्ही जगलो आहोत' असे ठणकावून सांगावेच लागले. पण नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा त्या वस्त्यांत हजारो माणसे तेच जगत होती. 'गोलपिठा' त्यांतल्या एकानेच लिहिला. अनुभव सगळ्यांचा होता, भाषा ढसाळांनी घडवली. त्या घडवण्याचे श्रेय आपण भोगण्याच्या खात्यावर टाकतो तेव्हा कवीचा गौरव होत नाही, उलट त्याचे काम नाकारले जाते.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची किंमत मराठीत लिहिणारा मुसलमान रोज मोजतो. कविसंमेलनाचे निमंत्रण येते ते 'तुमच्या समाजाची वेदना' या शीर्षकासह. त्याने पावसावर, शेतावर, प्रेमावर कविता वाचली की संयोजक हळूच म्हणतात, 'छान आहे, पण तुमचे अनुभव येऊ द्या ना!' जणू पाऊस त्याच्या घरावर पडतच नाही. दंगल, संशय, भाड्याने न मिळणारे घर यांवर आम्ही लिहितो, लिहिलेच पाहिजे. पण ते लिहायचे केव्हा आणि कसे हे ठरवणारे संयोजक कोण? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. त्यांना कुणी आधी आपल्या समाजाची वेदना सांगा म्हटले असते, तर तो आवाज महाराष्ट्राच्या वाट्याला आला असता का?

कवीचे चरित्र जरूर वाचा. गालिब यांची पत्रे तर वाचाच, इतके जिवंत गद्य क्वचित मिळते. पण चरित्र वाचून झाल्यावर शेराकडे शेर म्हणूनच या. त्यातला शब्द तिथे का आला, रदीफ दर वेळी नवा अर्थ कसा घेऊन येते, साध्या वाटणाऱ्या ओळीत उपरोध कुठे दडला आहे, हे पाहायला वेळ लागतो. डोळे पाणावायला तो लागत नाही, म्हणून व्याख्यानांत दुसरीच वाट सोपी पडते.

आणि संमेलने भरवणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे आहे की, पुढच्या वेळी आमच्यापैकी कुणाला बोलवाल तेव्हा पत्रात तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. काय वाचायचे ते आमचे आम्ही ठरवू.