लाकडाचा हिशेब वेगळा ठेवा

वळवाचा पहिला तडाखा बसला की आपल्या धंद्यातल्या लोकांचे फोन वाजू लागतात. पत्र्यावर टेकलेली गुलमोहराची फांदी, विहिरीच्या कडेला कललेला नारळ, जुन्या वाड्याच्या भिंतीत मुळे घुसवून बसलेला पिंपळ. फाल्गुनापर्यंत ज्या झाडाकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते, ते रोहिणी नक्षत्र लागता लागता 'आजच्या आज' पाडायचे असते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत या दिवसांत दोन तऱ्हेचे सौदे होतात. एकात घरमालक विचारतो, 'तोडायचे किती घेणार?' दुसऱ्यात ठेकेदार सांगतो, 'एक पैसा देऊ नका, लाकूड तेवढे आमचे.' पहिल्या सौद्यात घासाघीस होते. दुसऱ्यात दोघेही खूश होऊन चहा घेतात. हे संपादकीय त्या दुसऱ्या सौद्याबद्दल आहे, कारण आपल्या धंद्यावरचा लोकांचा विश्वास तिथेच झिजतो आहे.

त्या सौद्यात नेमके काय होते ते पाहू. झाड धोक्याचे आहे की नाही हे सांगणारा, ते तोडणारा आणि त्याचे लाकूड विकणारा माणूस एकच असतो. त्याची कमाई लाकडात असल्यामुळे त्याची नजर आधी बुंध्याच्या घेरावर जाते आणि मग शेंड्याकडे. परसातला तीन पिढ्यांचा आंबा सरळ, भरीव आणि निरोगी असेल तर वखारीत त्याला भाव येतो. म्हणून त्याच्याबद्दल 'मुळे घरात शिरतील, उद्या अंगावर येईल' असे सांगणारे चौघे मिळतात. उलट गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि वखारीत भाव जवळपास नाही. नारळाचे तसेच. घरावर कोसळण्याची खरी भीती असते ती अशाच झाडांची. पण तिथे 'फुकट' तोडायला कोणी फिरकत नाही आणि पैसे घेऊन तोडायचे म्हटले की मालकाला आकडा ऐकून घाम फुटतो. परिणामी चांगली झाडे जातात आणि वाईट झाडे पावसाळ्यात तशीच उभी राहतात. ठेकेदार सगळेच लबाड आहेत म्हणून हे घडते असे नाही. सौद्याची घडणच तशी आहे, आणि तिच्यात सरळ माणूसही हळूहळू वाकतो.

हे दुखणे सरकारला फार पूर्वी कळले होते. अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. व्यापाऱ्याने आदिवासी शेतकऱ्याच्या दारात उभे राहून साग किंवा आंबा परस्पर ठरवून न्यायचा, हा प्रकार थांबवणे हा त्याचा हेतू. अशा विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि पुढचे काम वनखात्यामार्फत चालते. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर, आहुपे, माळशेज, नाणेघाट या बाजूला काम करणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला हा कायदा तोंडपाठ हवा. 'मालक स्वतःच विकतोय, मग अडचण काय?' हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

त्या पट्ट्यात हिरड्याच्या झाडाला हात घालण्यापूर्वी तर दहादा विचार करावा. बाळहिरडा हे तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचे वर्षाचे रोख उत्पन्न असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथले हिरडे उन्मळले, तेव्हा भरपाईसाठी शेतकऱ्यांना पुढे काही वर्षे झगडावे लागले. वादळाने पडलेल्या हिरड्यासाठी जिथे एवढा लढा द्यावा लागतो, तिथे उभा हिरडा सरपणाच्या भावात नेणे म्हणजे घरातली दुभती गाय खाटकाला विकायला लावणे.

आता परवानगीकडे येऊ. 'ते आम्ही बघून घेतो' हे आपल्या धंद्यातले सर्वांत महाग पडणारे वाक्य आहे. झाड तोडण्याबाबतचा १९६४ चा महाराष्ट्राचा कायदा हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशा अनुसूचित झाडांना लागू आहे. ती खासगी जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल, अथवा जीविताला व मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. म्हणजे खऱ्या धोक्याच्या झाडासाठी सरळ वाट उपलब्ध असताना आडवाटेने जाण्याचे कारण नाही. मूळ कायद्यातला दंड हजार रुपयांपर्यंतचाच होता म्हणून अनेकांनी तो भाड्याच्या खर्चासारखा धरून कामे केली. ती सवय आता सोडलेली बरी. जुन्नर नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि ते तोडायचे तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट येते. या कायद्यात तोडणे म्हणजे केवळ करवत चालवणे नव्हे. झाड जाळणे किंवा कोणत्याही रीतीने इजा करणे हेही त्यात येते. बुंध्याला भोके पाडून आत ॲसिड ओतण्याचे 'उपाय' सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मंचरमध्ये काम असेल तर आधी नगरपंचायतीत विचारा, गावात असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात.

परवानगीइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे सात-बारा. आपल्याकडे निम्मी भांडणे बांधावरच्या झाडाची असतात. थोरल्या भावाने बोलावले म्हणून चिंच तोडायला जावे आणि अर्धे काम झाल्यावर धाकट्याने पुण्याहून फोन करून पोलीस बोलवावेत, हा प्रसंग कोणाला नवा नाही. उताऱ्यावर जेवढी नावे आहेत तेवढ्या सह्या घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याचीही घ्यावी. मुंबईला राहणाऱ्या सहहिस्सेदाराची संमती मोबाइलवर लेखी मागवली, तरी पुढचा तंटा टळतो.

मग सौदा कसा करावा? आमचे म्हणणे सोपे आहे. एका कागदावर दोन वेगळ्या ओळी लिहा. पहिल्या ओळीत काम: पाहणी, तोडणी, फांद्या खाली उतरवणे, खांडक्या करणे, बुडखा काढणे असेल तर तो, पालापाचोळा उचलणे आणि या सगळ्याची मजुरी. दुसऱ्या ओळीत लाकूड: कोणत्या झाडाचे, अंदाजे किती, कोणत्या भावाने, आणि ते मालक ठेवणार की तुम्ही घेणार. तुम्ही घेणार असाल तर तेवढी रक्कम मजुरीतून वजा दाखवा. हिशेब जमून शेवटी मालकाने द्यायची रक्कम शून्य आली तरी हरकत नाही. मालकाला आकडे दिसले म्हणजे पुरे. मग तो दुसऱ्याकडे भाव विचारू शकतो, लाकूड स्वतः विकू शकतो, किंवा लाकडाचे पैसे बघून झाड ठेवायचेही ठरवू शकतो. हा कागद द्यायला कचरणाऱ्या ठेकेदाराला कोणी काम देऊ नये, असे आम्ही घरमालकांनाही सांगू.

पाहणीचे पैसे घ्या, हे आमचे दुसरे सांगणे. आज आपण पाहणी फुकट करतो आणि तो खर्च तोडणीत वसूल करतो. त्यामुळे 'हे झाड तोडायची गरज नाही' असे सांगितले की दिवस वाया जातो. पाहणीची थोडीफार फी ठरवली तर नाही म्हणायलाही मोल येते. पाहणी मात्र नावाला नको. झाडाभोवती फिरून बुंधा हातोडीने ठोकून पाहा, पोकळ आवाज कुठून कुठवर येतो ते खडूने आखा. बुडाशी भूछत्रे उगवली आहेत का, ढोलीत पाणी साचते का, हे बघा. झाड कललेले असेल तर कल जुना आहे की नवा, हे मातीवरून कळते. जुन्या कलात शेंडा पुन्हा वर वळलेला असतो आणि माती घट्ट असते. नव्या कलात उलट्या बाजूची माती फुगते, तिला भेगा पडतात आणि मुळे उघडी दिसतात. पहिले झाड अनेकदा फांद्या हलक्या करून वाचते. दुसऱ्याला एक दिवसही देऊ नये.

पाहणी लिहूनच द्या. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला सकाळी रस्त्याने चाललेल्या महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा जीव गेला. ते झाड धोक्याचे असल्याची तक्रार रहिवाशांनी आधीच केलेली होती. झाड ठेवण्याचा सल्ला हाही जबाबदारीचा सल्ला असतो. तो कोणत्या खुणा पाहून दिला, हे कागदावर असले पाहिजे.

इथली आणखी एक मागणी बिबट्याची. 'घराजवळ बिबट्या फिरतो, सगळी झाडी साफ करा' असे सांगणारे लोक घाबरलेले असतात, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र जुन्नर तालुक्यात आहे ते उगाच नव्हे. पण बिबट्याला दडायला ऊस लागतो, घाणेरी लागते, घरामागचे रान माजलेले लागते. अंगणातला मोकळा बुंधा असलेला कडुनिंब पाडून बिबट्या कमी होत नाही. झुडपे काढा, खालच्या फांद्या छाटा, गोठ्याला जाळी आणि दारात दिवा बसवायला सांगा, आणि मोठे झाड सोडा. भीतीच्या भरात मिळालेले काम चटकन पदरात पडते, पण वर्षभराने गोठ्यातली शेळी गेली की तोच मालक गावभर तुमचे नाव घेतो.

आता प्रत्यक्ष तोडणी. पत्र्याच्या घरावर झुकलेला गुलमोहर उतरवताना चांगली टोळी काय करते ते पाहण्यासारखे असते. वायरमनला बोलावून आधी तार बंद. वर चढलेला गडी कमरेच्या पट्ट्याने खोडाला बांधलेला. फांदीला गाठ मारून दोर वरच्या बेचक्यातून घेतलेला आणि खाली बुंध्याला दोन वेढे देऊन दोघांनी धरलेला. फांदीला पहिला काप खालून, जाडीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढा. मग थोडे पुढे सरकून वरून. असे केले नाही तर फांदी मोडताना साल खोडापर्यंत सोलून नेते आणि झोका घेऊन चढलेल्याच्याच अंगावर येते. शेवटी उरलेला खुंट खोडाशी साफ. या कामाला अख्खा दिवस जातो. दोर बांधून ओढून पाडणाऱ्याला तासही लागत नाही, आणि पत्रा फुटला तर तो 'नशीब' म्हणून मोकळा होतो. मालकाला दोन दरांमधला फरक कळत नसेल तर तो समजावून सांगणे हे आपले काम आहे.

चढण्यापूर्वी झाड नीट न्याहाळा. आग्या मोहोळ असेल तर माहितगाराला बोलवा. घरट्यात पिल्ले असतील आणि धोका तातडीचा नसेल तर काम पुढे ढकला. पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येते. उतारावरच्या घरांपाशी बुडखा जेसीबीने उपटू नका, बुंधा जमिनीलगत कापून मुळे तशीच राहू द्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातले माळीण डोंगराखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. त्यामागे अतिवृष्टी होती आणि आणखीही कारणे सांगितली गेली. कारणांचा वाद काहीही असो, चढावरची माती मोकळी करण्याआधी या तालुक्यातल्या माणसाने तरी थांबले पाहिजे.

शेवटचा मुद्दा गड्यांचा. वर चढणारा माणूस पडला तर भरपाईची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याची, म्हणजे ठेकेदाराची. 'आपल्याच गावचा आहे, बघून घेऊ' असे म्हणणाऱ्यांपैकी कितीजण पाय मोडल्यावर खरोखर बघतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हेल्मेट, पट्टा, चेनसॉ चालवताना पायाचे संरक्षण आणि टोळीचा विमा, हा खर्च मजुरीच्या ओळीत उघड लिहा. लाकूड विकून भागवायचे ठरवले की सर्वांत आधी काट मारली जाते ती याच खर्चावर.

येत्या मोसमासाठी वाचकांना एकच विनंती आहे. पहिल्या कामापासून मजुरी आणि लाकूड वेगवेगळे लिहा, सही करून कागद मालकाच्या हातात द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी लाकडाचा व्यापार खुशाल करावा, पण झाड धोक्याचे आहे की नाही याचा सल्ला देऊ नये.