रक्ताच्या थेंबात नैराश्य?



रक्ततपासणीवरून नैराश्याचे निदान होणार, असे गेल्या अंकातल्या लेखात म्हटले आहे. हे आश्वासन जुनेच आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड कॅरोल यांनी डेक्सामेथासोन चाचणी मांडली. रात्री १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजायचे. ते दबले नाही तर मेलॅन्कोलिया, म्हणजे तीव्र नैराश्य. निरोगी माणसाला चुकून रोगी ठरवण्याचा धोका अगदी थोडा, असा दावा होता. पुढे स्मृतिभ्रंश, दारू सोडण्याचा काळ, इतकेच काय, नुसते घटलेले वजन, यांतही तोच निकाल येऊ लागला! २०१० मध्ये स्किझोफ्रेनियासाठी ५१ प्रथिने मोजणारी ‘व्हेरीसाइक’ आली. तीही टिकली नाही.

खरी मेख तुलनेत असते. रुग्णांशेजारी ठणठणीत माणसे उभी केली की कुठलीही चाचणी हुशार दिसते. डॉक्टरांपुढचा पेच वेगळाच असतो: हे नैराश्य, की बायपोलर? लेखात सीआरपी या दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचा गौरव आहे. पण ते हिरड्या सुजल्या तरी वाढते, लठ्ठपणातही वाढते.

रक्त तपासूच नये, असे मुळीच नाही. टीएसएच आणि बी-१२ जरूर पाहावे. थायरॉइड मंदावला की माणूस उदास होतो, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. मात्र या तपासण्या दुसरा आजार शोधतात, नैराश्य नव्हे. ‘मानसिक आरोग्य पॅकेज’ विकणाऱ्यांना हा फरक सांगायची घाई नसते.

लेखकांनी चाचणीची किंमत दिली आहे. ती कोणत्या रुग्णांवर पडताळली, तेही पुढच्या अंकात छापावे.

– एक वाचक, सांगली